बाविसावं नाव

नानांच्या खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. लहान मुलांच्या घरात दाराच्या चौकटीवर असतात तशाच, पण या रेघांचा मालक चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि रेघा त्याच्या उंचीच्या नव्हत्या, उजव्या हाताच्या होत्या. नानांचा खांदा आखडला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दोन बोटं मुंगीच्या चालीने वर चढवायची आणि खांदा नको म्हणाला की तिथे रेघ मारून तारीख घालायची, असा फिजिओथेरपिस्ट बाईंचा हुकूम होता. सुरुवातीचे काही महिने रेघा भराभर वर गेल्या. नंतरच्या तीन महिन्यांत त्या एकाच जागी एकमेकींच्या डोक्यावर बसत राहिल्या आणि भिंतीवर कानाच्या उंचीला एक करडा पट्टा तयार झाला.

त्या पट्ट्याकडे बघून जावई एकदा जेवताना म्हणाला होता, "नाना, आठवड्यातून दोनदा केंद्रात जाऊन काही होत नाही. मनापासून करायला लागतं. सातत्य पाहिजे."

"खरंय," नाना म्हणाले होते आणि डाव्या हाताने पाणी प्याले होते.

या वाक्याची आठवण पुढे जावयाला वारंवार येणार आहे, म्हणून ते इथे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

जावई एका विमा कंपनीच्या संगणक विभागात एकोणीस वर्षं नोकरी करत होता. तिथे त्याला कोणी काही विचारत नसे. घरीही फारसं कोणी विचारत नसे, पण निदान चहा मिळे. इंटरनेटवर मात्र तो संस्थापक होता. एका मुक्त प्रकल्पाच्या पानावर, स्वतःच्या फोटोखाली, त्याने स्वतःच तसं लिहिलं होतं. आपणही त्याला संस्थापक म्हणू. तेवढं त्याच्या पदरात राहू द्यावं.

प्रकल्पाचं नाव होतं 'रांग'. त्याचा जन्म नानांच्या खांद्यामुळेच झाला. नानांना पहिल्यांदा फिजिओथेरपी केंद्रात नेलं तेव्हा स्वागतकक्षातल्या ताई एका जाड वहीत वेळा लिहीत होत्या, खोडत होत्या आणि खोडलेल्यावर पुन्हा लिहीत होत्या. संस्थापकाला ते बघवेना. त्याने चार रविवार बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात रुग्णाची वेळ टाकायची, सकाळी बटण दाबायचं, की त्या दिवसाच्या रुग्णांची यादी वेळेप्रमाणे छापून बाहेर. ताई खूश झाल्या. नाना तर इतके खूश झाले, की बाकावर बसलेल्या प्रत्येकाला "आमच्या जावयांनी केलंय हे" असं सांगू लागले. ज्यांना मानेच्या दुखण्यामुळे त्यांच्याकडे वळता येत नसे त्यांना समोर जाऊन सांगत.

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण संस्थापकाने प्रोग्रामची सगळी संहिता, म्हणजे त्याचा कोड, इंटरनेटवर खुली केली. कोणीही घ्यावी, फुकट वापरावी, दुरुस्त करावी, दुरुस्ती परत पाठवावी. हेही चांगलंच होतं, अशा खुल्या कामावर अर्धं जग चालतं. बिघडलं ते त्यानंतर. त्याने कुठेतरी वाचलं, की प्रकल्प संहितेवर जगत नाही, समुदायावर जगतो. मग तो समुदाय उभारायला लागला.

त्याने रांगेचं बोधचिन्ह केलं: एकामागून एक तीन मुंग्या. त्याचे दोनशे स्टिकर छापून घेतले. त्यातले एकशे एक्क्याण्णव कपाटात होते. आचारसंहिता लिहिली, तिच्यात भांडण झाल्यास काय करावं याची नऊ कलमं होती, भांडायला मात्र माणसं नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी ऑनलाइन बैठक ठेवली. पहिल्या बैठकीला चारजण हजर होते. त्यांतला एक संस्थापक होता, दुसरा संस्थापकाचा फोन. तिसऱ्याला रांग बुद्धिबळाच्या क्लबात वापरता येईल का एवढंच विचारायचं होतं आणि ते विचारून तो गेला. चौथी त्याची बायको होती. तिला त्याने सभासद करून घेतलं होतं, कारण आठ या आकड्यापेक्षा नऊ हा आकडा भरदार दिसतो.

"मी काय करायचं असतं सभासद म्हणून?" तिने विचारलं होतं.

"काही नाही. तुला ईमेल येत जातील."

"आणि?"

"आणि तू असायचं."

"ते तर मी इथेही करतेच," ती म्हणाली आणि कॅमेरा बंद करून कपडे वाळत घालायला गेली.

समुदाय कसा उभारावा यावर संस्थापकाने वाचलेल्या सगळ्या लेखांत एक सल्ला हटकून असे. सोप्या चुका स्वतः दुरुस्त करू नका. त्या नवख्यांसाठी राखून ठेवा. नवखा माणूस येतो, सोपं काम करतो, त्याचं कौतुक होतं, मग तो अवघड काम करतो आणि आपला होऊन जातो. संस्थापकाला हे इतकं पटलं की त्याने एक हिरवं लेबलच केलं: 'पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी'. अडचण एकच होती. रांग एवढीशी असल्यामुळे तिच्यात सोपी चूकच सापडेना.

आणि एका मंगळवारी ती सापडली. नानांना केंद्रात सोडायला तो गेला होता, तेव्हा ताईंनी त्याला हाक मारली.

"अहो, बरं झालं भेटलात. त्या यादीत शेवटचं नाव छापत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बावीस माणसं असली की एकवीसच येतात. आधी कधी बावीस व्हायचेच नाहीत, म्हणून कळलं नाही. आता रोजच होतात. मी खाली पेनाने लिहिते बाविसावं."

संस्थापकाच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. खरीखुरी चूक, खऱ्या वापरकर्त्याने सांगितलेली!

"ताई, तुम्ही हे रांगेच्या साइटवर नोंदवाल का?"

"मी आत्ता तुम्हालाच सांगतेय की."

"हो, पण असं तोंडी नको. सगळ्यांना दिसायला पाहिजे. त्यानेच समुदाय तयार होतो."

ताईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून, पासवर्ड दोनदा चुकवून, त्यांनी नोंदवलं: 'शेवटच्या माणसाचं नाव येत नाही. कृपया बघावे.' त्यांना अजून एक ओळ लिहायची होती, पण ती त्यांनी लिहिली नाही. नानांनीच बजावलं होतं.

संस्थापकाने त्याच दिवशी उत्तर दिलं. 'आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल रांग परिवार आपला ऋणी आहे! ही चूक नवख्या योगदात्यांसाठी उत्तम संधी आहे. अंदाजे वेळ: अर्धा तास. आपल्याला करून पाहायला आवडेल का?' आणि हिरवं लेबल लावलं.

चूक त्याला केव्हाच दिसली होती. पानावर ओळी बावीस मावत, पण प्रोग्राम एकवीस नावं छापून थांबे. एका ठिकाणी एकवीस होतं तिथे बावीस करायचं होतं. अर्धा तास हा अंदाजही त्याने नवख्याची छाती दडपू नये म्हणून भरपूर वाढवून दिला होता. एकदोनदा तर त्याने ती दुरुस्त करून, काम नीट होतंय ना ते बघून, पुन्हा होती तशी बिघडवूनही ठेवली. काचेच्या कपाटातला पाहुण्यांचा कप असतो तशी ती चूक. घरातल्यांनी कान तुटलेल्या कपातून प्यावं, पण त्याला हात लावू नये.

पाच महिने झाले. पाहुणा आला नाही.

त्या शुक्रवारी बायकोची ऑफिसात बैठक लांबली. केंद्रातून नानांना घ्यायला एरवी ती जाई, त्या दिवशी संस्थापक गेला. नानांची वेळ साडेपाचची, दिवसातली शेवटची. लेकीच्या ऑफिसच्या वेळेला जुळते म्हणून मुद्दाम घेतलेली. संस्थापक पावणेसहालाच पोहोचला. काचेच्या दारातून आत पाहिलं तर नाना बाकावर बसले होते. हात मांडीवर, मांडीवर घडी घातलेला टॉवेल. आतले पडदे सरकवलेले, फिजिओथेरपिस्ट बाई खांद्याला पर्स लावून मागच्या दाराने निघाल्या होत्या. नाना सावकाश उठले आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. नळ सोडून त्यांनी टॉवेलचं एक टोक ओलं केलं, पिळलं, मानेभोवती गुंडाळलं. मग डाव्या हाताने कपाळावरही थोडं पाणी लावलं. एखादा नट रंगपटात बसून शांतपणे तोंड रंगवतो, तसं. मग ते बाजूच्या स्वच्छतागृहात शिरले, तसा संस्थापक आत गेला.

टेबलापाशी ताई नव्हत्या. आपल्या लेकीच्या बाळंतपणासाठी त्या तीन महिन्यांपासून रजेवर होत्या आणि जागेवर बदलीची मुलगी होती. ती ड्रॉवरला कुलूप लावत होती.

"ते आजोबा," संस्थापक म्हणाला, "त्यांचं झालं का?"

"कोण, टॉवेलवाले? त्यांचं नाव नसतं हो कधी."

"नसतं म्हणजे?"

"यादीत नसतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांना. म्हणाले, असू दे, बसतो. कोणी नाही आलं तर त्या जागेवर घेते मी त्यांना. गोड आहेत फार. एकटे असतील बिचारे, म्हणून येऊन बसतात."

"पण त्यांनी वेळ घेतलेली आहे. कम्प्युटरमध्ये आहे ती."

"मला एवढंच शिकवलंय, सकाळी बटण दाबायचं, कागद निघेल त्याप्रमाणे हाका मारायच्या." तिने टेबलावरचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "कागदात नाही. कोणी बनवलाय हा प्रोग्राम काय माहीत, पण कागद खोटं थोडीच बोलणार."

संस्थापकाने नावं मोजली. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तीन मुंग्या होत्या, एकामागून एक. नावं एकवीस होती. खाली एक ओळ कोरी होती, बरोब्बर एका माणसाला पुरेल इतकी.

बाजूच्या दारातून नाना बाहेर आले आणि जावयाला बघून जागच्या जागी थबकले. मग मानेवरचा टॉवेल सारखा करत म्हणाले, "अरे वा, आज तुम्ही! चला. आज जरा जास्तच ताणलं बाईंनी."

 एका सिग्नलला गाडी थांबली.

"नाना, मी कागद पाहिला."

नाना खिडकीतून बाहेर बघत राहिले. बघण्यासारखं बाहेर एक टायरचं दुकान होतं.

"घरी काही बोलू नका," ते म्हणाले.

"का नाही सांगितलं तुम्ही?"

"कोणाला सांगू? त्या मुलीला? दहा माणसं बसलेली असतात तिथे. त्या प्रत्येकाला मी सांगितलंय, आमच्या जावयांनी केलंय म्हणून. आता त्याच तोंडाने सांगू, की त्यात नेमकं माझंच नाव येत नाही? ताईंनाही मी बजावलं होतं, माझं नाव लिहू नका म्हणून."

"मला सांगायचं."

"तुम्हाला ताईंनी सांगितलं होतं ना," नाना म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, मोठं काम असेल. तुम्ही एवढे शनिवार-रविवार बसता. होईल तेव्हा होईल. तुमच्या डोक्याला आणखी माझा ताप कशाला?"

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता. अगदी लेबलासारखा हिरवा.

घरी आल्यावर संस्थापकाने बूटही न काढता संगणक उघडला आणि एकवीसच्या जागी बावीस केलं. चाळीस सेकंद लागले, त्यातले तीस संगणक चालू व्हायला. नंतर त्याने केंद्राच्या नोंदी काढल्या. रुग्ण येऊन गेला की फिजिओथेरपिस्ट बाई रांगेत खूण करत. नानांच्या तीन महिन्यांतल्या पंचवीस वेळांपुढे सहा खुणा होत्या. एकोणीस वेळा माणूस गेला होता, बसला होता, टॉवेल ओला करून परत आला होता. प्रोग्रामने हे सगळं इमानदारीत लिहून ठेवलं होतं. त्या बाबतीत त्याच्यात एकही चूक नव्हती.

जेवताना बायको म्हणाली, "नाना, आज रेघ मारलीत? जागची हलली का ती?"

"माझाच आळस गं," नाना म्हणाले. "घरी करायला पाहिजे तेवढं होत नाही. जावईबापू म्हणतात ते बरोबर आहे. सातत्य पाहिजे."

हा क्षण संस्थापकाचा होता. सासऱ्याने तो ताटात वाढून दिला होता. तोंडात घास होता, तो गिळून बोलायचं एवढंच काम. तो चावत राहिला. एक घास माणूस किती वेळ चावू शकतो, हे त्या दिवशी त्याला कळलं. तोवर विषय गॅसच्या शेगडीवर गेला होता.

शनिवारी सकाळी त्याने साइटवर ती नोंद बंद करायला घेतली. बंद करताना कारण लिहावं लागतं. पहिल्यांदा त्याने लिहिलं: 'त्रुटी निदर्शनास आल्याने निराकरण करण्यात आले आहे.' या वाक्यात कोणी काही केलेलंच नव्हतं, सगळं आपोआप झालं होतं. त्याने ते पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं: 'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की'. हेही पुसलं. आनंद नव्हता आणि 'आम्ही'ही कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा तो एका दमात लिहून गेला:

'ही चूक मला पाच महिने माहीत होती. दुरुस्ती एका आकड्याची होती. कोणीतरी नवा माणूस यावा म्हणून मी ती मुद्दाम तशीच ठेवली. या काळात एक वृद्ध गृहस्थ एकोणीस वेळा बाकावर बसून उपचार न घेता परत गेले. ते माझे सासरे आहेत. व्यायाम मनापासून करा, असं मी त्यांना सुनावलं होतं.'

बटण दाबलं आणि त्याला हलकं वाटलं. हे हलकं वाटणं सोमवारपर्यंत टिकलं.

सोमवारी त्याने साइट उघडली तर समुदाय आला होता. पाच महिन्यांत जे स्टिकरांनी झालं नाही, ते एका कबुलीजबाबाने झालं होतं. त्या मजकुराखाली पसंतीचे शंभराहून जास्त बदाम होते. कोणीतरी लिहिलं होतं, 'असा प्रांजळ संस्थापक हवा.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'डोळे पाणावले. मीही आजपासून रांगेत सामील.' सभासद नऊचे चौसष्ट झाले होते. दूरच्या एका शहरातल्या परिषदेने 'अपयशातून समुदाय' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. जाण्यायेण्याचं ते बघणार होते. आणि एका नवख्याने फार अदबीने विचारलं होतं, की ही चूक तर आपण दुरुस्त करून टाकलीत, माझ्यासारख्याला जमेल अशी दुसरी एखादी शिल्लक आहे का?

संस्थापकाचे कान तापले. नानांचे एकोणीस दिवस त्याने एका फटक्यात चौसष्ट माणसांना वाटून टाकले होते आणि बदल्यात बदाम घेतले होते.

संध्याकाळी बायको आली. पर्स टेबलावर ठेवून ती त्याच्यासमोर बसली.

"मला ईमेल आला," ती म्हणाली.

"कसला?"

"तुझ्या समुदायाचा. मी सभासद आहे ना, नववी. एरवी उघडत नाही मी, पण आज एकामागून एक साठ आले. म्हटलं, मेलं काय झालं म्हणून बघावं." तिने फोन उलटा ठेवला. "ऑफिसात वाचलं मी ते. शेजारच्या टेबलावरचीने विचारलं, घरी सगळं ठीक ना."

"मी सांगणार होतो तुला."

"जगाला सांगितलंस. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांना माझ्या वडिलांचा खांदा माहीत आहे आता. आणि शुक्रवारी याच टेबलावर ते म्हणाले, माझाच आळस. तू समोर बसून जेवत होतास."

"हो."

"दुसरा फुलकासुद्धा घेतलास."

 फुलका खरंच घेतला होता.

"त्यांना सांगितलंस, की चूक मुद्दाम ठेवली होती?"

"नाही. त्यांना वाटतंय की काम मोठं होतं."

"मग जा," ती म्हणाली. "आणि तिथे छान लिहिलंयस तसं बोलू नकोस. साधं बोल."

नाना खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे होते. दोन बोटं करड्या पट्ट्यापाशी येऊन थांबली होती. संस्थापक त्यांच्या मागे उभा राहिला. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. ते तसं काही गेलं नाही.

"नाना, ते काम मोठं नव्हतं. एका आकड्याचं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बोटं भिंतीवर तशीच राहिली.

"मग?"

"कोणीतरी बाहेरचा येऊन करेल, म्हणून ठेवलं होतं."

"बाहेरचा? कशाला?"

संस्थापकाने समुदाय म्हणजे काय ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाच महिन्यांत इतक्या लोकांना इतक्यांदा समजावून सांगितलेली ती गोष्ट, या खोलीत तिचं एकही वाक्य उभं राहीना.

"चार माणसं जमावीत, असं वाटत होतं," तो शेवटी म्हणाला.

 हात खाली घेऊन, दुसऱ्या हाताने खांदा चोळत नाना वळले. या पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जावयासाठी राखून ठेवलेलं कौतुक नव्हतं. नुसता थकलेला एक माणूस होता.

"मी होतो की तिथे," ते म्हणाले. "बाकावर."

संस्थापकाने मान खाली घातली. त्याला वाटलं, आता नाना 'असू दे' म्हणतील. नाना म्हणाले नाहीत.

त्याच रात्री जेवणाआधी त्याने परिषदेला नकार कळवला. कारणात 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि पुसून 'दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला मला एका ठिकाणी हजर राहायचं असतं' असं लिहिलं. परिषद रविवारी होती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. नवख्याला त्याने कळवलं, की सोपी चूक शिल्लक नाही, आणि सापडली तर ती आपणच लगेच दुरुस्त करू. नवखा नाराज झाला आणि सभासद त्रेसष्ट उरले.

मंगळवारी तो नानांबरोबर केंद्रात गेला आणि बाकावर बसला. बदलीच्या मुलीने कागद बघून हाका मारल्या. एकविसाव्या नावानंतर ती थांबली, कागद डोळ्यांजवळ नेला आणि नानांकडे पाहून मोठ्याने ओरडली, "अहो आजोबा, तुम्ही छापून आलात!" बाकावरच्या दोनतीन माणसांनी मान वळवता येत होती तेवढी वळवली. नाना उठले. आत जाताना त्यांनी नेहमीसारखं कोणाला काही सांगितलं नाही.

घरी आल्यावर बोटं पुन्हा भिंतीवर चढली आणि पट्ट्यापाशीच थांबली. एका दिवसात काय होणार. संस्थापक पेन्सिल घेऊन शेजारी उभा होता.

"कुठे मारू?"

"जिथे आहे तिथे," नाना म्हणाले. "वर मारू नका."

त्याने रेघ मारली आणि पुढे तारीख घातली. त्या जागी आता इतकी गर्दी झाली होती, की तारीख नीट वाचताही येत नव्हती.